रिकामी राहिलेली खुर्ची

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या अर्थशास्त्र मंडळातर्फे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बेकारी' या विषयावर परिसंवाद झाला. वर्तमानपत्रांतून त्या सुमारास हाच विषय गाजत होता, त्यामुळे वर्ग भरलेला होता. चार वक्ते यंत्राच्या विरुद्ध बोलले, तीन बाजूने बोलले आणि अध्यक्ष या नात्याने मी उभय पक्षांना थोडेथोडे गोंजारून समारोप करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी उठली. कामशेतच्या आतल्या एका खेड्यातून ती रोज लोकलने येते. ती म्हणाली, "सर, सगळे अमेरिकेचं सांगताहेत. आपल्या मावळात एआयमुळे नोकरी गेली असा एक तरी माणूस दाखवा ना!"

मला एकही माणूस दाखविता आला नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी बेकारीचे प्रकार शिकवीत आलो आहे. ऋतुकालीन, छुपी, संरचनात्मक, तांत्रिक अशी सगळी यादी फळ्यावर क्रमाने लिहून देतो. पण त्या 'तांत्रिक बेकारी'चा माझ्याच तालुक्यातील पत्ता मला ठाऊक नव्हता. पुढचे चार महिने मी लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर, जुन्या विद्यार्थ्यांच्या लग्नांत, जो भेटेल त्याला हाच प्रश्न विचारीत सुटलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाची हकिकत आहे.

यंत्रामुळे काम एकदम आणि उघडपणे जाणे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर आपल्या बोरघाटाकडे पाहावे. १८५६ मध्ये मुंबईकडची आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र अजून रुळांवाचून होता. उतारू खोपोलीस उतरत, पालखीतून, तट्टावरून किंवा गाडीतून खंडाळ्यापर्यंत चढत आणि वर येऊन पुन्हा आगगाडीत बसत. म्हणजे गंमत अशी की, आगगाडीने घाटातल्या भोयांना नि तट्टूवाल्यांना आधी काम मिळवून दिले. पुढे २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातून रूळ खुले झाले आणि त्यांची गरजच संपली. पाच वर्षांपूर्वी ज्या यंत्राने रोजगार दिला, त्यानेच तो काढून घेतला. लोणावळा त्यानंतर रेल्वेचे गाव म्हणून वाढले आणि पालख्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसांना रेल्वेने पोटास लावले, हे खरेच. परंतु पालखीचा दांडा खांद्यावरून उतरविलेला माणूस आणि रेल्वेत लागलेला माणूस हे एकच, असे समजण्याचे कारण नाही. आमची पाठ्यपुस्तके 'दीर्घकालात रोजगार वाढतो' असे लिहितात, तेव्हा या दोघांना एक धरून चालतात.

लाभ एका ठिकाणी आणि तोशीस दुसऱ्या ठिकाणी, हे तर या प्रदेशाने फार जवळून पाहिले आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून तयार केलेली टाटांची वीज १९१५ मध्ये मुंबईस पोहोचली. गिरण्या त्या विजेवर चालल्या, गिरण्यांत कोकणातली नि घाटावरची माणसे लागली. पुढच्या धरणासाठी मात्र शेजारच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती, आणि म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांना सत्याग्रह करावा लागला. एकूण बेरीज नफ्याची होती, असे कोणी म्हटले तर ते खोटे नव्हे. मात्र बेरीज मांडणारा मुळशीचा नव्हता.

असो. माझा प्रश्न पालखीचा नसून खुर्चीचा होता, आणि खुर्चीचा इतिहास थोडा निराळा आहे.

कचेरीत संगणक येणार म्हणताच नोकऱ्या जाणार अशी हाकाटी होणे, हे आजचे नाही. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकात मुंबईस व कलकत्त्यास संगणक बसविण्याचे ठरविले, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीभोवती पहारा ठेवून यंत्र आत येऊ दिले नाही. वाद इतका पेटला की केंद्र सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. 'भारतातील दारिद्र्य' हा विषय डॉ. नीलकंठ रथ यांच्यासह ज्यांनी देशापुढे मांडला, तेच हे दांडेकर. १९७२ मध्ये समितीचा अहवाल आला. सरसकट बंदी नको आणि सरसकट मोकळीकही नको, कोठे यंत्र आणावयाचे हे पारखून ठरवावे, असा तिचा सर्वसाधारण कल होता. बँकांतही तोच झगडा झाला. १९८३ आणि १९८७ मध्ये बँक कर्मचारी संघटना व व्यवस्थापन यांच्यात करार झाले आणि यंत्रे किती, कोणती, कोठे, हे त्यांत ठरले.

मी त्या वेळी कॉलेजात विद्यार्थी होतो. 'संगणक आला की हजारो कारकून रस्त्यावर येतील,' या विषयावर मी स्वतः वक्तृत्वस्पर्धेत दुसरे बक्षीस मिळविले आहे. पुढे काय झाले? कोणीही रस्त्यावर आले नाही. लेजर लिहिणारे माझे मामा संगणकासमोर बसून सन्मानाने निवृत्त झाले. सार्वजनिक बँकांतून २०००-०१ मध्ये सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, तेही पैसे घेऊन आणि बहुतेक खुशीने. मग माझे भाषण खोटे ठरले का? काही वर्षे मी तसेच समजत होतो. आता वाटते, मी चुकीच्या माणसाबद्दल बोललो होतो. मामांची नोकरी शाबूत राहिली. मामांच्या जागी जो लागावयाचा, तो लागला नाही. त्याने मोर्चा काढला नाही, कारण आपली नोकरी गेली हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

ही नजर घेऊन मावळात हिंडू लागल्यावर दृश्य बदलले.

प्रथम काही गैरसमज बाजूस काढले पाहिजेत. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रातील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न उभा राहिला, प्रकरण न्यायालयात गेले. वडगाव-तळेगाव पट्ट्यात कोणासही 'नोकरी गेली' म्हटले की हेच आठवते. पण त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा काही संबंध नाही. कंपनीने २०१७ मध्येच भारतातील विक्री बंद केली होती, पुढे निर्यातीपुरते चालले आणि शेवटी तेही परवडेना. धंद्याचा हिशोब चुकला आणि माणसे गेली. नंतर तो कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तेथे पुन्हा काम सुरू झाले. आणि २०२२ मध्ये तळेगावला येणार येणार म्हणून गाजलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प? तो गुजरातेत गेला, आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉनने तेथूनही अंग काढून घेतले. आलेल्याच नसलेल्या त्या नोकऱ्यांसाठी आमच्याकडे दोन वर्षे भाषणे झाली.

द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यांचेही तसेच. फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुटे पैसे मोजून पावती फाडणारा हात थांबला. लोक त्यालाही सर्रास एआय म्हणतात. वास्तविक ती काचेवर चिकटविलेली एक रेडिओ-चकती आहे, तिला बुद्धी मुळीच नाही. खरी यंत्रबुद्धी त्याच मार्गावर जुलै २०२४ पासून बसविलेल्या कॅमेऱ्यांत आहे. गाडीचा वेग, आसनपट्टा, चुकीची मार्गिका हे सारे तो ओळखतो आणि दंडाची नोंद करतो. पण त्याने कोणा हवालदाराची नोकरी घेतलेली नाही. घाटातल्या त्या वळणावर भर पावसात रात्री दोन वाजता पूर्वी कोणी उभेच नव्हते. अशी पुष्कळ कामे यंत्र करते, जी आधी कोणीच करीत नव्हते. भीतीच्या भरात आपण तीही गेलेल्या नोकऱ्यांत धरतो.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेने नेमके काय बदलले? २०२२च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी आले, तेव्हापासून ज्याची चर्चा आहे ते यंत्र मुळात भाषेचे आहे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला पुरविलेला असतो. त्यातून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकते आणि त्या आधारे उत्तर, पत्र, सारांश, भाषांतर रचते. ते खरोखर विचार करते की नाही, हा प्रश्न मी तत्त्वज्ञान विभागाकडे सोपवितो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ते कच्चा मसुदा झटकन करते. आणि कोणत्याही कचेरीत कच्चा मसुदा कोण करतो? नवा लागलेला उमेदवार. मोठे साहेब तो तपासतात, लाल शाईने खोडतात, आणि चार वर्षे खोडून घेता घेता तो उमेदवारही साहेब होतो.

नोकरी ही एक वस्तू नसून कामांची मोळी असते. यंत्र तिच्यातल्या दोन-चार काटक्या काढून नेते. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन या थोर शास्त्रज्ञाने सांगितले होते की क्ष-किरण तज्ज्ञांना शिक्षण देणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगले होईल. पाच वर्षे होऊन गेली, तरी ते डॉक्टर जगभर हवेच आहेत. चित्र वाचणे ही त्यांच्या मोळीतली एक काटकी होती. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले की आमचे यंत्र सातशे माणसांइतके ग्राहकसेवेचे काम करते. २०२५ मध्ये तिलाच पुन्हा माणसांकडे वळावे लागले. अशा कथा वाचल्या की हायसे वाटते. मलाही वाटले. परंतु ज्या मोळीत दोनच काटक्या होत्या, तिचे काय? नवख्याची मोळी बहुधा तेवढीच असते.

अमेरिकेतील दोन अभ्यास येथे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. येल विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२५ मध्ये सांगितले की, चॅट-जीपीटी आल्यापासूनच्या तेहेतीस महिन्यांत एकूण श्रमबाजारात उलथापालथ दिसत नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी पगारपत्रकांचा धांडोळा घेतला. ज्या व्यवसायांवर यंत्रबुद्धीची छाया अधिक, त्यांत बावीस ते पंचवीस वयाच्यांचा रोजगार इतरांच्या तुलनेत तेरा टक्क्यांनी घटलेला त्यांना आढळला. त्याच व्यवसायांतील वडीलधारी मंडळी जागच्या जागी होती. वर्तमानपत्रांनी हे दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध लढविले. मला त्यांत विरोध दिसत नाही. तळे भरलेलेच दिसते, आणि वरून येणारी धार बारीक झालेली असते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

आमच्या परिसंवादास निमित्त झालेली बातमी टाटा कन्सल्टन्सीची होती. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. आमच्याकडची कितीतरी मुले हिंजवडीकडे डोळे लावून असतात, त्यामुळे घरोघर काळजी पसरली. कंपनीच्या प्रमुखांनी मात्र स्पष्ट केले की हे एआयमुळे काम वाचले म्हणून नाही. काही जणांची कौशल्ये जुळत नाहीत, त्यांना कामावर नेमता येत नाही, म्हणून आहे. कोणावर विश्वास ठेवावा? यंत्राचे नाव घेणे काहींना सोयीचे असते, कारण चुकलेल्या हिशोबापेक्षा 'काळाची गरज' ऐकायला बरी वाटते. काहींना ते टाळणे सोयीचे असते. म्हणून माणसे कमी केल्याची घोषणा झाली की मी आता कारण वाचतो खरे, पण त्यापेक्षा अधिक लक्ष पुढच्या वर्षीच्या भरतीकडे देतो.

आता मावळात सापडलेली दोन माणसे. नावे देत नाही.

पहिला आमचाच जुना विद्यार्थी, मराठीचा पदवीधर, तळेगावी राहतो. घरबसल्या इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे करीत असे. औषधांची पत्रके, बँकांची माहितीपत्रके वगैरे. दोन वर्षांपूर्वी काम पाठविणाऱ्यांनी कळविले की भाषांतर यंत्राने केलेले आहे, आपण फक्त तपासून द्या. आणि शब्दामागचा दर निम्म्याच्या आसपास आणला. तो सांगत होता, "सर, काम बंद नाही झालं. पण यंत्राचं वाकडं मराठी सरळ करायला नवं लिहिण्याइतकाच वेळ लागतो." त्याची नोकरी गेली असे म्हणता येणार नाही. कोणत्याही पाहणीत तो 'स्वयंरोजगारित' म्हणूनच नोंदला जाईल. गेला आहे तो दर, आणि त्याबरोबर लग्नाचा विचारही पुढे गेला आहे.

दुसरा माणूस म्हणावे तर अजून मुलगाच आहे, आमच्या तृतीय वर्षात शिकतो. तुंगार्लीकडे पाहुण्यांना बंगले भाड्याने देणारे एक गृहस्थ आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात जी झुंबड उडते, तिच्या आधी आठवडाभर फोन अखंड खणखणत असतो. किती माणसे, पोहण्याचा तलाव आहे का, जेवणात काय, सवलत किती! हे सारे सांगण्यासाठी ते दरवर्षी जून ते सप्टेंबर एक मुलगा ठेवीत. आमचा हा विद्यार्थी दोन पावसाळे तेथे होता. त्याची वर्षाची फी त्यातून निघे, शिवाय मुंबईच्या गिऱ्हाइकाशी इंग्रजी-हिंदीत बोलण्याचा धीर आला, तो वेगळाच. २०२५ च्या पावसाळ्यात त्याला बोलावणे आले नाही. चौकशांना आता मोबाइलवर यंत्रच उत्तर देते, रात्री बारालाही देते. मालकांनी ते मला कौतुकाने दाखविले. मुलाला मात्र हे ठाऊक नव्हते. मी त्याला विचारले तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असेल सर. मागच्या वर्षी एका पार्टीचं बुकिंग दोनदा घेतलं गेलं होतं. मला वाटलं, मालक रागावले."

चार महिन्यांच्या शोधात मला सापडलेली ही एकमेव निर्भेळ नोंद, आणि तीही काढून टाकलेल्याची नव्हे, न बोलावलेल्याची. त्या मुलाने दोष स्वतःकडे घेतला होता.

नोव्हेंबरात मी त्या विद्यार्थिनीला बोलावून हे सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मग सर, न बोलावलेल्यांची मोजणी कुठं होते?" तिचा प्रश्न पुन्हा माझ्या फळ्याबाहेरचा निघाला. सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी घरोघर जाते; कोण काम करतो, कोण काम शोधतो, हे विचारते. न निघालेली जाहिरात तिच्या कागदावर येत नाही. दांडेकरांच्या काळात निदान यंत्र कचेरीत आणताना ते दारातून आणावे लागे, पहारा ठेवता येई. आजचे यंत्र साहेबांच्या खिशात असते.

त्यातही गुंता असा की, प्रत्येक रिकामी खुर्ची यंत्राने रिकामी केलेली नसते. मी स्वतः पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. माझी जागा भरली जाईल, अशी खात्री मला कोणी दिलेली नाही. शेजारच्या विभागातील सहकारी गेले, त्यांचे तास तासिका तत्त्वावरचे दोन तरुण वाटून घेतात. यात यंत्रबुद्धीचा हात नाही. जागांना मंजुरी नाही, एवढेच. उद्या कोणी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून 'ही एआयने खाल्ली' म्हणाला, तर कृपया त्याला दुरुस्त करावे.

आणि हाही अनुभव सांगितला पाहिजे की, सगळीकडे माणसे जास्त नि कामे कमी, असे नाही. जुलैत भातलावणीला बायका मिळत नाहीत म्हणून पवनेच्या खोऱ्यातले शेतकरी हातघाईस येतात. ज्यांना काम नाही ते आणि जे काम पडून आहे ते, यांची गाठ पडत नाही; चिखलात वाकून राहण्याचे मोल आम्ही कधी नीट ठरविलेच नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावर द्वितीय वर्षाच्या वर्गाने एक उद्योग आरंभिला आहे. वडगाव, कामशेत, तळेगाव आणि लोणावळा येथील पतपेढ्या, छापखाने, वकिलांच्या कचेऱ्या, हॉटेले यांत जाऊन तीन गोष्टी विचारावयाच्या. दहा वर्षांपूर्वी येथे किती माणसे होती? आज किती आहेत? शेवटचा नवा माणूस कोणत्या साली घेतला? कोणाला काढले, हे विचारायचेच नाही. तिसऱ्या प्रश्नाला माणसे थबकतात, असा मुलांचा अनुभव आहे. एका छापखान्याच्या मालकांना तर साल आठवेना. मग त्यांनी आतल्या खोलीतल्या चष्मेवाल्या ऑपरेटरला हाक मारून विचारले, "अरे, तू कधी लागलास रे?" तो म्हणाला, "मी? दोन हजार अकरा." त्याच्यामागे दुसरे टेबल होते. त्यावर यंदाच्या आमच्या या वार्षिकाची मुद्रिते ठेवली होती.